पणजोबांची मुलाखत

गेल्या जुलैच्या सुट्टीत मी तीन आठवडे आयर्लंडला मुलीकडे राहून आले. डब्लिन शहराच्या नैऋत्य टोकाला सिटीवेस्ट नावाची वसाहत आहे. एका बाजूला सॅगार्ट हे जुने खेडे, दुसऱ्या बाजूला कंपन्यांची कचेरी-वसाहत आणि मध्ये नवी घरे. 2011 पासून लुआस ही ट्राम सॅगार्टपर्यंत येते. एका सकाळी त्या ट्राममध्ये माझ्या मागून आवाज आला, "डबा घेतलास ना?" वळून पाहिले तर पुण्याकडचे तरुण जोडपे कामाला निघालेले. पोट माणसाला कुठे कुठे नेते!

मुलगी तिकडे हिशेबशास्त्र शिकली. पदवीनंतर नोकरी शोधण्यासाठी तिथले सरकार परदेशी विद्यार्थ्यांना ठरावीक मुदत देते. त्या मुदतीतले चार महिने उरले होते. अर्ज बरेच गेले होते, दोन मुलाखतींतून नकार आला होता. पोरगी जेवताना बोलत नव्हती. मी प्राथमिक शाळेतली शिक्षिका. मला ताळेबंद कळत नाही, पण प्रश्न विचारणे हा माझा तीस वर्षांचा धंदा आहे. म्हणून स्वयंपाकघरातल्या टेबलावर आम्ही रोज संध्याकाळी मुलाखत-मुलाखत खेळू लागलो.

तिथल्या मुलाखतीत "एखादा प्रसंग सांगा" असे फार विचारतात. उत्तर चार पायऱ्यांनी द्यायचे असते: परिस्थिती काय होती, तुमच्याकडे काय काम होते, तुम्ही काय केले आणि त्यातून काय झाले. मुलीने प्रसंग सांगितला. शिकत असताना ती एका दुकानात काम करायची. एका रात्री गल्ल्याचा हिशेब जुळेना. "मग आम्ही सगळ्या पावत्या पुन्हा तपासल्या आणि चूक सापडली."

"आम्ही म्हणजे कोण?" मी विचारले.

"मीच. मॅनेजर घरी गेला होता."

"मग 'मी' म्हण की!"

ती म्हणाली, "आई, ते मिरवल्यासारखं वाटतं."

हे मला ओळखीचे होते. आपल्या घरांत स्वतःचे गुण स्वतःच्या तोंडाने सांगू नयेत असे शिकवतात. संस्कार चांगलाच आहे, पण मुलाखत घेणाऱ्याला ठाऊक नसते की त्या 'आम्ही'मध्ये एकटी मुलगी उभी आहे. आपण केलेले काम खरेपणाने सांगणे म्हणजे बढाई नव्हे, हे तिला पटायला चार संध्याकाळी लागल्या.

पाचव्या दिवशी मी माझ्या वहीतून एक कागद काढला. मोका येथील महात्मा गांधी संस्थेत आपल्या पूर्वजांच्या आगमनाची दफ्तरे जपली आहेत. तिथून मिळालेली माझ्या पणजोबांची ती नोंद. नंबर, नाव, बापाचे नाव, वय 22, उंची, गाव, जहाज आणि 'कपाळावर व्रण'. मी म्हटले, "हा तुझ्या खापरपणजोबांचा सीव्ही." ती हसली आणि मग बराच वेळ वाचत बसली. कोकणात त्यांनी भाताची शेती केली होती, त्यांना भजने पाठ होती, असे आमच्या घरात सांगतात. त्या कागदावर यातले काही नव्हते. घेणाऱ्याला फक्त अंगाची खूण हवी होती, कारण माणूस पळाला तर ओळखता यावा.

आपल्या पूर्वजांचीही एक प्रकारे मुलाखतच होत असे. 1834 पासून मजूर मॉरिशसला येऊ लागले. फसवणुकीच्या तक्रारींमुळे 1839 मध्ये ही वाहतूक थांबवली गेली. पुढे 1842 च्या कायद्याने कोलकाता, मद्रास आणि मुंबई या तीन बंदरांतून ती पुन्हा सुरू झाली. भरती करणारा गावातून माणसे गोळा करी, डॉक्टर तपासत आणि अधिकाऱ्यापुढे उभे करून विचारत, स्वखुशीने जातोस ना? रत्नागिरीच्या खेड्यातल्या, अक्षरओळख नसलेल्या, घरी कर्ज असलेल्या तरुणाने यावर काय उत्तर द्यावे? 'होय' एवढाच शब्द त्याच्याकडे होता. मळा कोणता, आजारी पडलो तर काय, हे उलट विचारण्याची सोय नव्हती.

पोर्ट लुईला उतरल्यावर आप्रवासी घाटाच्या त्या 16 पायऱ्या. आज 2006 पासून तो जागतिक वारसा आहे, आपण तिथे फुले वाहतो. त्या काळी दोनेक दिवसांत नोंद होऊन माणसे मळ्यांना वाटली जात. सुरुवातीच्या करारांत पुरुषाला महिना 5 रुपये आणि शिधा असे. एक दिवस गैरहजर राहिला तर दोन दिवसांचा पगार कापला जाई. त्याला 'डबल कट' म्हणत. करारात हे होते, पण करार वाचता येणारे किती होते?

तरी आपली माणसे कायम गप्प राहिली असे नाही. 1867 च्या कायद्याने करार संपलेल्या मजुरांनाही फोटो लावलेला पास जवळ बाळगावा लागे आणि तो नसला तर पोलीस पकडत. त्याविरुद्ध 1871 मध्ये 9,401 जुन्या मजुरांचा अर्ज गव्हर्नर आर्थर गॉर्डन यांच्याकडे गेला. आदोल्फ द प्लेव्हित्झ या मळेवाल्याने तो लिहायला मदत केली. त्यातून 1872 मध्ये रॉयल कमिशन आले आणि मजुरांचे हाल सरकारी कागदावर चढले. माझ्या मते आपल्या लोकांनी मालकाला मोठ्याने उलट प्रश्न विचारला तो तेव्हा.

हे सगळे मी मुलीला सांगत होते, त्याच आठवड्यात तिला एका मध्यस्थाचा फोन आला. दुसऱ्या परगण्यात नोकरी आहे, परवान्याचेही पाहू, पण भरतीचा खर्च पहिल्या काही महिन्यांच्या पगारातून कापू आणि पासपोर्ट कचेरीत ठेवावा लागेल. मुदत संपत आलेली. मुलगी म्हणाली, "आई, हो म्हणून टाकते. निदान राहता तरी येईल." माझ्या पोटात गोळा आला. टेबलावर तो 22 वर्षांचा मुलगा पडलेला होता, नंबरासकट.

आम्ही त्या रात्री तिथला कायदा वाचला. आयर्लंडच्या एम्प्लॉयमेंट परमिट्स कायद्याने भरतीचा खर्च कामगाराच्या पगारातून कापायला आणि त्याचा पासपोर्ट किंवा इतर वैयक्तिक कागद ठेवून घ्यायला मनाई आहे. नोकरीच्या मुख्य अटी कामावर रुजू झाल्यापासून पाच दिवसांत लेखी द्याव्या लागतात. 2024 च्या नव्या कायद्याने परवान्यावरचा कामगार नऊ महिन्यांनंतर मालक बदलू शकतो. आपल्या माणसांना पाच पाच वर्षे हलता येत नव्हते. मुलाखतीत धर्म, वंश, वय, लग्न, मुलेबाळे यांवरून डावलणेही तिथे बेकायदा आहे. तक्रारीसाठी वर्कप्लेस रिलेशन्स कमिशन आहे. मुलीने मध्यस्थाला नम्रपणे नाही म्हटले. पण त्या रात्री आम्हा दोघींनाही झोप लागली नाही, हेही लिहायला हवे.

दुसऱ्या दिवशी मनाला विरंगुळा म्हणून ट्रामने शहरात गेलो. लिफी नदीच्या काठी, कस्टम हाउस धक्क्यावर, दुष्काळात देश सोडून निघालेल्या माणसांचे पुतळे आहेत. हाडे निघालेली, छातीशी गाठोडे धरलेली. 1845 नंतर बटाट्याचे पीक गेले आणि लाखो आयरिश माणसे जहाजांत चढली. आपला आप्रवासी घाटाचा डेपो 1849 चा. म्हणजे ती माणसे इकडून निघत होती तेव्हाच आपली पोर्ट लुईला उतरत होती. मुलगी म्हणाली, "यांनाही कुणी काही विचारलं नसेल."

त्यानंतरची तयारी वेगळी झाली. प्रत्येक मुलाखतीच्या शेवटी विचारतात, "तुम्हाला आम्हाला काही विचारायचे आहे का?" मुलगी आजवर "नाही, धन्यवाद" म्हणत आली होती. मीही माझ्या नोकरीच्या वेळी तसेच म्हटले होते. कुठे नेमणार एवढेही विचारले नाही आणि पुढे दोन वर्षे दोन बस बदलून शाळेत जात राहिले. आता आम्ही तीन प्रश्न लिहून काढले. पहिल्या सहा महिन्यांत माझ्याकडून कोणते काम अपेक्षित आहे? मला काम कोण शिकवील? परवान्याचा अर्ज कोण करील आणि त्याचा खर्च कोण देईल? तिसरा प्रश्न म्हणताना तिचा आवाज कापायचा. आम्ही तो इतक्या वेळा म्हटला की शेजारच्या खोलीतल्या मुलीलाही पाठ झाला.

मी परत आल्यावर महिन्याने तिला सिटीवेस्टमधूनच बोलावणे आले. तिने गल्ल्याची गोष्ट 'मी' म्हणून सांगितली आणि तिन्ही प्रश्न विचारले. समोरच्या बाई म्हणाल्या की परवान्याचा खर्च कंपनी देते, आणि बरे झाले तुम्ही विचारलेत. दहा दिवसांनी पत्र आले. तिने ते मला फोनवर ओळीओळीने वाचून दाखवले, एक अट कळली नाही ती पत्र लिहून विचारली आणि उत्तर आल्यावरच सही केली.

सहीत आडनाव म्हणून पणजोबांचे नाव आहे. आपल्यापैकी अनेक घरांत असेच झाले, एका माणसाचे नाव पुढे घराण्याचे आडनाव बनले. तुमच्या मुलांच्या हातात नोकरीचा अर्ज असेल तेव्हा त्यांना मोक्याला घेऊन जा आणि ती नोंद दाखवा. मग घरी टेबलाशी बसवून सांगा, या माणसाला जे विचारता आले नाही ते तू विचार.