नीरुगंटी गेल्यानंतर

कन्नडमध्ये ‘नीरुगंटी’ असा एक शब्द आहे. तलावाची मोरी कधी उघडायची, कोणाच्या शेताला किती वेळ पाणी द्यायचं, बांध कुठे झिरपतो आहे, हे पाहणारा गावचा माणूस म्हणजे नीरुगंटी. मराठीत आणताना ‘पाटकरी’ हा शब्द चटकन सुचतो आणि बराचसा बसतोही. पण पाटकऱ्याची नजर पाटावर असते, नीरुगंटीची साऱ्या तलावावर. मोबदला मिळे तो धान्याच्या वाट्यात किंवा इनाम जमिनीत. पुष्कळ गावांत हे काम दलित घराण्यांकडे असे, आणि पाणी राखणाऱ्याचा पाण्यावर हक्क असेलच असं नव्हे. तेव्हा त्या व्यवस्थेच्या आठवणीने गहिवरून जाण्याचं कारण नाही. पण तिच्यात एक गोष्ट पक्की होती: तलावात किती पाणी उरलं आहे, हे रोज पाहणारा कोणीतरी होता.

बंगळूर शहराचा पाण्याचा इतिहास म्हणजे हा पाहणारा माणूस नाहीसा होण्याचा इतिहास आहे.

समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवरच्या या गावाला मोठी नदी नाही. पाणी होतं ते पावसाचं, अडवून साठवलेलं. कन्नडमध्ये अशा तलावाला ‘केरे’ म्हणतात. एक केरे भरला की त्याचं पाणी कालव्याने खालच्या केरेत जाई. या कालव्यांना ‘राजकालुवे’ असं भारदस्त नाव आहे. धर्मांबुधी, केंपांबुधी हे केरे सोळाव्या शतकात शहर वसवणाऱ्या केंपेगौडा घराण्याशी जोडले जातात. १६३८ मध्ये विजापूरकरांनी बंगळूर घेतलं आणि ते शहाजीराजांच्या जहागिरीत आलं, तेव्हाही गावाची तहान केरे आणि विहिरींवरच भागत होती. उन्हाळ्यात तळ उघडा पडला की शेतकरी गाळ काढून शेतात नेत. त्यामुळे शेत सकस होई आणि तलाव खोल राही.

एकोणिसाव्या शतकात छावणी आली, वस्ती वाढली, १८७६-७८ चा भीषण दुष्काळ पडला. दिवाण के. शेषाद्री अय्यर यांच्या काळात, १८९४ मध्ये, शहरापासून सुमारे १८ किलोमीटरवर अर्कावती नदीवरच्या हेसरघट्टा तलावाची योजना झाली. वाफेच्या पंपांनी उचललेलं पाणी नळाने शहरात येऊ लागलं. ही गरजेची आणि उपकारक गोष्ट होती. तिचा दुसरा परिणाम मात्र सावकाश दिसला. नळ आल्यावर शहरातल्या केरेंना काम उरलं नाही. काम नाही म्हणून गाळ निघेना, गाळ निघेना म्हणून पाणी टिकेना, आणि पाणी नसलेला तलाव म्हणजे मोक्याची मोकळी जमीन. धर्मांबुधीच्या जागी आज मॅजेस्टिकचा बस स्टँड आहे. संपंगी केरेच्या जागी कंठीरव स्टेडियम आहे. तिथे एक छोटंसं तळं तेवढं राखलेलं आहे, कारण तिगळ समाजाच्या करग उत्सवाला ते लागतं. ज्या पाण्यावर त्यांच्या बागा पिकत, त्यातलं विधीपुरतं उरलं.

मग हीच गोष्ट अर्कावतीची झाली. १९२० च्या दशकात हेसरघट्टा अपुरा पडला. १९३३ मध्ये आणखी खाली, अर्कावती आणि कुमुद्वती यांच्या संगमावर तिप्पगोंडनहळ्ळीचं धरण झालं. पुढे तेही आटत गेलं. नदीच्या खोऱ्यात पाऊस कमी झाल्याचं अभ्यासकांना आढळलं नाही. कमी झालं होतं जमिनीतलं पाणी. बोअरवेलचा उपसा आणि निलगिरीची लागवड यांनी ओढे नदीपर्यंत पोचणंच थांबवलं. पण शहराला त्याची झळ लागली नाही, कारण १९७४ पासून कावेरी आली होती. सुमारे १०० किलोमीटरवरून, जवळजवळ ५०० मीटर चढवून.

दूरचं पाणी आलं की जवळचं पाणी मरतं, हा क्रम इथे तीनदा घडला. प्रत्येक वेळी आटलेल्या स्रोताचा जाब विचारण्याआधी नवा स्रोत हजर झाला.

वापरलेलं पाणी जातं कुठे, हेही पाहायला हवं. शहराचा मोठा भाग कावेरीच्या नव्हे, दक्षिण पिनाकिनीच्या खोऱ्यात उतरतो. म्हणून कावेरीचं पाणी घराघरांतून सांडपाणी होऊन राजकालुव्यांत पडतं आणि बेळ्ळंदूर तलावात साचतं. पाऊस वाहून नेण्यासाठी काढलेले कालवे आता मैला वाहतात. जानेवारी २०१८ मध्ये बेळ्ळंदूरला आग लागली आणि ती विझवायला लष्कराचे जवान बोलवावे लागले. पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने कावेरीच्या निकालात कर्नाटकाचा वाटा १४.७५ टीएमसीने वाढवला, त्यातले ४.७५ टीएमसी बंगळूरसाठी. एकाच हिवाळ्यात शहराचा तलाव पेटला आणि शहराला जास्त पाणी मिळालं. हा वाटा तमिळनाडूच्या वाट्यातून आला, म्हणजे शहरातल्या गाळाची किंमत त्रिभुज प्रदेशातल्या शेतकऱ्याकडे गेली.

२०२४ च्या उन्हाळ्यात हजारो बोअरवेल कोरड्या पडल्या आणि पिण्याच्या पाण्याने गाडी धुणाऱ्याला ५,००० रुपये दंड जाहीर झाला. सर्वाधिक हाल शहरात नव्याने सामील झालेल्या ११० गावांचे झाले. त्यांचे केरे नागरीकरणात खराब झाले होते आणि कावेरी अजून पोचली नव्हती. मध्ये टँकर होता. ऑक्टोबरमध्ये कावेरीचा पाचवा टप्पा सुरू झाला, रोज ७७.५ कोटी लिटरचा. त्या गावांचा या पाण्यावर पूर्ण हक्क आहे. पण तिथले उरलेसुरले केरे आता नेमके त्या वळणावर आहेत, जिथे धर्मांबुधी हेसरघट्ट्याचं पाणी आलं तेव्हा होता.

पुढच्या योजनांची नावंही ठरलेली आहेत. कावेरीवर मेकेदाटू, आणि त्याहून दूर, पश्चिमवाहिनी शरावती. पंप आणखी मोठे होतील, चढही चढवता येईल. त्यातल्या प्रत्येक योजनेच्या अंदाजपत्रकात नीरुगंटीच्या पगाराची एक ओळ असावी, एवढी मागणी फार नाही.