ठासणीच्या बंदुकीने एल्कची शिकार : जबाबदार अंतर

ठासणीच्या बंदुकीने एल्कची शिकार करताना ज्या कमाल अंतरावरून शिकारी पहिल्याच गोळीत प्राण्याच्या हृदयाचा वा फुफ्फुसांचा खात्रीने वेध घेऊ शकतो आणि गोळीत त्वरित मृत्यू घडवण्याइतकी शक्ती शिल्लक असते, त्याला जबाबदार अंतर म्हणतात. हे अंतर बंदुकीच्या पल्ल्यापेक्षा बरेच कमी असते.

पार्श्वभूमी

एल्क अथवा वापिटी (शास्त्रीय नाव: सर्व्हस कॅनाडेन्सिस) हे उत्तर अमेरिका व पूर्व आशियातील मोठे हरीण आहे. रॉकी पर्वतातील प्रौढ नराचे वजन सुमारे ३०० किलोग्रॅम असते. जाड स्नायू व भक्कम हाडे यांमुळे उथळ जखम झालेला एल्क कित्येक किलोमीटर पळून जाऊ शकतो व न सापडता मरतो. अंतराची मर्यादा पाळण्यामागे हेच मुख्य कारण आहे.

अंतर कमी असण्याची कारणे

ठासणीच्या बंदुकीत दारू व गोळी नळीच्या तोंडातून भरून गजाने ठासतात. एका वेळी एकच गोळी झाडता येते व पुन्हा भरण्यास अर्धे मिनिट किंवा अधिक वेळ लागतो. त्यामुळे चुकलेला नेम दुसऱ्या गोळीने सावरता येत नाही. काळ्या दारूच्या धुरामुळे प्राणी कोठे गेला हेही क्षणभर दिसत नाही.

गोल गोळी हवेत वेग झपाट्याने गमावते. ०.५० इंच व्यासाच्या बंदुकीची सुमारे ११.५ ग्रॅम वजनाची गोळी ५५० मीटर प्रतिसेकंद वेगाने सुटली, तरी १०० यार्डांवर (९१ मीटर) तिचा वेग सुमारे ६० टक्के उरतो. ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलत असल्याने ती एक तृतीयांशाच्या आसपास येते. शंक्वाकृती गोळी जड असल्याने ऊर्जा अधिक टिकवते, परंतु तिचा मार्ग बराच वक्र असतो. १०० यार्डांवर नेम जुळवलेली अशी गोळी १५० यार्डांवर साधारण २५ सेंटिमीटर वा त्याहून अधिक खाली लागते. म्हणून अंतराचा अंदाज चुकल्यास प्राणी केवळ जखमी होण्याचा धोका वाढतो.

प्रचलित मर्यादा

सामान्यतः पुढील मर्यादा मानल्या जातात:

• कापडी चकतीसह गोल गोळी: ५० ते ७५ यार्ड
• शंक्वाकृती गोळी व उघडी माशी: सुमारे १०० यार्ड
• दुर्बीण बसवलेली आधुनिक बंदूक: १५० ते २०० यार्ड

वारा, अंधूक प्रकाश, ओलसर दारू किंवा प्राण्याचा तिरकस पवित्रा असल्यास ही अंतरे आणखी कमी करावी लागतात.

वैयक्तिक मर्यादा

एल्कचा मर्मभाग बाजूने सुमारे ३० सेंटिमीटर रुंद असतो. रानात धाप, घाई व उत्तेजना यांमुळे हात स्थिर राहत नाही. म्हणून सरावात गुडघ्यावर बसून किंवा काठीच्या आधाराने झाडलेल्या सर्व गोळ्या ज्या अंतरापर्यंत २० सेंटिमीटरच्या वर्तुळात लागतात, ते अंतर स्वतःची मर्यादा समजावी. टेबलावर बंदूक टेकवून केलेला सराव यासाठी पुरेसा नसतो.

नियम

अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात ठासणीच्या बंदुकीचा स्वतंत्र हंगाम सप्टेंबरमध्ये असतो. एल्कसाठी नळीचा व्यास किमान ०.५० इंच असावा लागतो. या हंगामात दारूच्या तयार वड्या, प्लॅस्टिक वेष्टनातील गोळ्या व प्रतिमा मोठी करणारी दुर्बीण यांना मनाई आहे. हा काळ एल्कच्या माजाचा असतो. नर आवाजाला प्रतिसाद देऊन जवळ येत असल्याने कमी अंतरावरून शिकार शक्य होते.

गोळी झाडल्यानंतर

बंदूक लगेच पुन्हा भरणे, प्राणी उभा होता ती जागा लक्षात ठेवणे आणि काही वेळ थांबून रक्ताचा माग काढणे ही शिकाऱ्याची जबाबदारी मानली जाते. प्राणी कोसळला नाही म्हणून नेम चुकला असे गृहीत धरले जात नाही.