चार वर्षांचे विद्यार्थी, आठ वर्षांचा उपग्रह

आपल्या मालेगाव तालुक्यातले कोणतेही खेडे घ्या. तिथे भजनी मंडळ असतेच, आणि ते कधी निघाले असे विचारले तर म्हातारी माणसे आपल्या आजाचे नाव सांगतात. मृदंग वाजविणारा थकला की शेजारी टाळ धरून बसलेला पोरगा पुढे सरकतो. थकलेला मात्र घरी जात नाही. तो भिंतीला टेकून बसतो आणि पोराचा हात चुकला की नुसती मान हलवितो. मंडळ टिकते ते या भिंतीला टेकून बसणाऱ्यामुळे.

आता महाविद्यालयातली मंडळे पाहा. वाङ्मय मंडळ, विज्ञान मंडळ, आणखी कसले कसले मंडळ. श्रावणात उद्घाटन, नारळ, हार, फाल्गुन आला की परीक्षा, संपले! पुढच्या वर्षी मुले नवी आणि वही कोरी. यात मुलांचा दोष नाही. दर तीन-चार वर्षांनी ज्यातली सगळीच्या सगळी माणसे बदलतात, असे दुसरे मंडळ दाखवा बरे! तेव्हा प्रश्न असा पडतो की, विद्यार्थ्यांनीच चालविलेले एखादे लांब पल्ल्याचे काम शेवटास जाऊ शकते काय?

इतिहासात याचे पहिले उत्तर मुंबईत सापडते. १८४८ साली एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमधील तरुणांनी ‘स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी’ नावाची सभा काढली. प्राध्यापक पॅटन यांचे तिला प्रोत्साहन होते. दादाभाई नौरोजी तिच्यात पुढे होते. निबंध वाचावा, त्यावर वाद करावा, एवढाच आरंभीचा हेतू. पण एका बैठकीत स्त्रीशिक्षणावर निबंध वाचला गेला आणि नुसते वाचून भागेना. १८४९ साली या मंडळींनी मुलींच्या शाळा उघडल्या. पगारी शिक्षक कुठून आणणार? हे तरुण सकाळी मुलींना शिकवीत आणि मग आपल्या कामाला जात. मराठी आणि गुजराती ‘ज्ञानप्रसारक’ सभा या त्याच झाडाच्या फांद्या. सभा टिकली, कारण तिची माणसे पांगली नाहीत. दादाभाई १८५५ साली इंग्लंडला जाईपर्यंत मुंबईतच होते, डॉ. भाऊ दाजी लाड पुढे तिचे अध्यक्षच झाले. म्हणजे तिथेही भिंतीला टेकून बसणारे होते.

पण ज्यांची माणसे पदवी हातात पडताच बंगळूरला नाहीतर अमेरिकेला जातात, त्यांनी काय करावे?

आयर्लंड हा आपल्या विदर्भाहूनही लहान देश. तिथल्या महाविद्यालयांत विद्यार्थ्यांनी संगणकाची आणि इंटरनेटची मंडळे काढली. डब्लिन सिटी विद्यापीठातले ‘रेडब्रिक’ हे त्यांपैकी एक, १९९६ सालचे. आपल्याकडे सामान्य माणसाला इंटरनेट मिळू लागले ते १५ ऑगस्ट १९९५ पासून, हे लक्षात घेतले म्हणजे तो काळ डोळ्यांपुढे येतो. या मुलांनी मंडळाचा स्वतःचा संगणक मांडला, सभासदांना त्यावर टपालपेटी आणि कागदपत्रे ठेवायला जागा दिली, आणि यंत्र सांभाळणारेही आपल्यातूनच निवडले. इथे एक गंमत आहे. वाङ्मय मंडळाचा फलक वर्षभर कोरा राहिला तरी कोणाचे अडत नाही. पण हे यंत्र एक दिवस बंद पडले तर सभासदांची पत्रे अडतात. त्यामुळे जाणाऱ्याला आपल्या किल्ल्या येणाऱ्याच्या हाती दिल्यावाचून सुटका नाही.

हीच गोष्ट फार मोठ्या प्रमाणावर आपल्या महाराष्ट्रात घडली आहे, आणि तीच मला आज विस्ताराने सांगायची आहे.

पुण्याचे अभियांत्रिकी महाविद्यालय मूळचे १८५४ सालचे. नदीकाठी त्याचा बोट क्लब आहे, आणि १९२८ पासून तिथली मुले ‘रेगाटा’ नावाचा नौकांचा सोहळा करीत आली आहेत. थोडक्यात, मुलांनी काही चालवावे ही तिथे नवलाई नव्हती. २००८ साली तिथल्या काही विद्यार्थ्यांनी ठरविले की आपण उपग्रह करायचा. नाव ठेविले ‘स्वयम्’. देशातला हा काही पहिला प्रयत्न नव्हे. २०१० साली बंगळूर-हैदराबादकडील सात महाविद्यालयांच्या मुलांचा ‘स्टडसॅट’ वर गेला होता.

‘स्वयम्’ केवढा? दहा सेंटिमीटर लांब, तितकाच रुंद, तितकाच उंच. दुधाचे एक लिटरचे माप असते ना, बरोबर तेवढी जागा. वजन ९९० ग्रॅम. एवढ्यात सूर्यप्रकाशावर वीज करणाऱ्या पट्ट्या, बॅटरी, संगणक आणि रेडिओ! हा घनाचा आकार १९९९ साली अमेरिकेतल्या दोन प्राध्यापकांनी सुचविला. विद्यार्थ्याला शिक्षण संपायच्या आत पुरे करता यावे एवढेच लहान काम असावे, हा त्यामागचा विचार. ‘स्वयम्’चे काम हौशी रेडिओचालकांसाठी होते: एका ठिकाणाहून निरोप घ्यायचा, पोटात ठेवायचा, आणि दुसऱ्या ठिकाणावरून जाताना खाली द्यायचा. आकाशातला पोस्टमन म्हणा.

उपग्रहाला तोंड एका दिशेला ठेवावे लागते, नाहीतर अँटेना भलतीकडे वळायची. मोठ्या उपग्रहांत त्यासाठी यंत्रे असतात. या मुलांनी आत एक लोहचुंबक बसविले. शाळेतल्या होकायंत्राची सुई जशी पृथ्वीच्या चुंबकत्वाला धरून राहते, तसाच हा डबा राहतो. सुई मात्र आधी बराच वेळ डुलते. ते डुलणे मोडावे म्हणून विशिष्ट धातूच्या कांड्या घातल्या. यात वीज खर्ची पडत नाही. शिक्षकबंधूंनी हे वर्गात जरूर सांगावे. सहावी-सातवीच्या मुलाला कळेल असे हे शास्त्र आहे.

२२ जून २०१६ रोजी श्रीहरिकोटाहून एकाच अग्निबाणाने वीस उपग्रह वर नेले, त्यांत ‘स्वयम्’ होता.

दुसरी हकीकत पवईची, म्हणजे मुंबईच्या आयआयटीची. तिथे २००७ साली विद्यार्थ्यांनी ‘प्रथम’ हाती घेतला. हा साधारण दहा किलोचा. रात्रीच्या वेळी दूरदूरची केंद्रे रेडिओवर लागतात, हे आपल्यापैकी जुन्या मंडळींना आठवत असेल. त्या लहरी ज्या थरावरून परततात तो आयनांबर. त्यात इलेक्ट्रॉन किती आहेत हे मोजायचे, हे ‘प्रथम’चे काम. वरून येणारी लहर त्या थरातून जाताना पीळ खाते. पीळ किती पडला हे जमिनीवर मोजले की इलेक्ट्रॉनांचा अंदाज येतो. मोजायला जमिनीवर अँटेना हवी, आणि एक अँटेना पुरत नाही. म्हणून या मुलांनी इतर महाविद्यालयांच्या मुलांना अँटेना उभारायला शिकविले. पूर्वी दूरदर्शनसाठी घरावर माशाच्या काट्यासारखी अँटेना असे, साधारण त्याच जातीची. मला विचाराल तर उपग्रहापेक्षा हा भाग अधिक मोलाचा.

२६ सप्टेंबर २०१६ रोजी ‘प्रथम’ उडाला. नऊ वर्षे झाली होती.

आता हिशेब करा. पदवीचा अभ्यासक्रम चार वर्षांचा. ज्यांनी २००७-०८ साली पहिला कागद लिहिला ते केव्हाच नोकरीला लागले. मधल्या तुकड्या आल्या आणि उड्डाण न पाहताच गेल्या. उड्डाणाच्या दिवशी दुसऱ्या वर्षाला असलेला मुलगा किंवा मुलगी, काम सुरू झाले तेव्हा पाचवी-सहावीत शाळेला जात होती! चार वर्षांत पुरे व्हावे म्हणून योजलेला तो डबा आपल्याकडे आठ वर्षे घेऊन बसला, हे खरेच. वर्तमानपत्रांतून त्या दिवशी अग्निबाणाचे चित्र आले. मधल्या तुकड्यांचे चित्र कोण छापणार?

तरीही धागा तुटला नाही. याची कारणे पाहिली तर एक म्हणजे लिहून ठेवणे. भारतीय अंतराळ संशोधन संस्थेचे तज्ज्ञ टप्प्याटप्प्याने काम तपासत. हा भाग असाच का, हे विचारत. उत्तर कागदावर असावेच लागे, आणि जे कागदावर आले ते पुढच्या तुकडीला मिळाले. दुसरे असे की, चौथ्या वर्षाच्या मुलाजवळ दुसऱ्या वर्षाचा मूल बसलेला असे, टाळकऱ्यासारखा. आणि प्राध्यापक होते, पण सही करण्यापुरते नव्हेत आणि सगळे आपणच करण्यापुरतेही नव्हेत. हे तिसरे सर्वांत अवघड. आमच्या पेशातल्या माणसाला गप्प बसणे जमत नाही. मुलाचा हात चुकला की आम्ही मृदंगच काढून घेतो.

‘प्रथम’ वर गेल्यावर पवईच्या विद्यार्थ्यांनी दुसऱ्या उपग्रहाचे काम धरले. त्याचे नाव ‘अद्वितीय’ या शब्दावरून घेतले. हा मात्र पुण्याच्या ‘स्वयम्’एवढाच, एका लिटरच्या मापाचा ठरविला, आणि पहिल्या उपग्रहाचे कागद त्या नव्या मुलांच्या टेबलावर आले.