करवतीची नक्कल आणि कायदा

भंडारा जिल्ह्यातल्या मोहाडी, आंधळगाव, पवनी या गावांची जुनी ओळख म्हणजे कोसा आणि करवती साडी. अंग टसरचे म्हणजे कोसा रेशमाचे, काठ सुताचा आणि दोन्ही जिथे भेटतात तिथे करवतीसारखे दाते. हे दाते छापलेले नसतात की शिवलेले नसतात. हातमागावर अंगाला एक धोटा आणि दोन काठांना दोन, असे तीन धोटे चालतात. प्रत्येक दात्याशी अंगाचा आणि काठाचा आडवा धागा एकमेकांत अडकवला जातो. म्हणून साडी उलटली तरी दाते तसेच दिसतात.

नक्कल नेमकी इथे उघडी पडते. छापील काठ मागून फिका असतो. टसरच्या जागी पॉलिस्टर असेल तर जळलेला धागा वितळून त्याची कडक गोळी होते. खरे रेशीम केस जळल्यासारखा वास देते आणि त्याची राख बोटांत चुरते.

कायद्याच्या लेखी बनावट म्हणजे फसवण्याच्या हेतूने एक वस्तू दुसरीसारखी भासवणे. ती हुबेहूब असलीच पाहिजे असेही नाही. ही व्याख्या 1860 च्या दंड संहितेतली. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेनेही ती ठेवली. पण शिक्षेचा मोठा धाक सरकारी वस्तूंसाठी. बनावट नाणे, नोट किंवा मुद्रांक करणाऱ्याला जन्मठेपेपर्यंत शिक्षा होऊ शकते.

कापडाच्या वाट्याला वेगळे कायदे आले. 1889 च्या कायद्याने खोट्या व्यापारी चिन्हांना चाप लावला आणि गिरणीच्या ठाणांवर लांबी छापणे सक्तीचे केले. त्यात विणकराचे कसब कुठेच नव्हते. त्यासाठी स्वतंत्र कायदा आला तो 1985 मध्ये: काही वाण फक्त हातमागासाठी राखणारा. 1986 च्या आदेशात असे 22 वाण होते, साडीही त्यात होती. यंत्रमागवाले न्यायालयात गेले. सर्वोच्च न्यायालयाने 1993 मध्ये कायदा वैध ठरवला, पण पुढे यादी 11 वाणांवर आली. मूळ कायद्यानुसार तो मोडणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक मागामागे पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. यंत्रमागाच्या धंद्यात हा दंड म्हणजे किरकोळ खर्चच.

आता करवतीला भौगोलिक मानांकन आहे. 1999 च्या त्या कायद्यानुसार खोटे नाव लावून माल विकणाऱ्याला सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि 50 हजार ते दोन लाख रुपये दंड. मात्र छापा घालायला किमान उपअधीक्षक दर्जाचा पोलीस अधिकारी लागतो आणि त्याआधी नोंदणी अधिकाऱ्याचे मत. नोंदणी कार्यालय आहे चेन्नईत. शिवाय संरक्षण मिळते ते नावाला. दात्यांची नक्कल करून ‘करवती’ हा शब्द टाळणारा बहुधा सुटतो.

तेव्हा साडी घेताना काठ उलटून पाहा आणि बिलावर ‘हातमाग करवती’ असे लिहून घ्या. तक्रार करायची वेळ आली तर तोच कागद उपयोगी पडेल.