कोंबडीच्या खाद्यातील प्रतिजैविके: एक शोध आणि अर्धशतकाची माघार

१/
डिसेंबर १९४८. न्यू यॉर्क राज्यातील पर्ल रिव्हर येथील लेडर्ली प्रयोगशाळेत थॉमस जुक्स हे जीवरसायनशास्त्रज्ञ कोंबडीच्या पिलांची वजने करीत होते. त्यांच्यापुढील प्रश्न व्यावहारिक होता. मांस-मासळीची महाग भुकटी वगळून केवळ स्वस्त सोयाबीनवर पिले कशी वाढवायची?

२/
निव्वळ वनस्पतिजन्य खाद्यावर पिले खुरटत, कारण त्यात ब-१२ जीवनसत्त्व नसते. हे जीवनसत्त्व शास्त्रज्ञांनी त्याच वर्षी शुद्ध स्वरूपात वेगळे केले होते. जुक्स यांनी पिलांचे गट पाडले आणि प्रत्येक गटाला वेगळा पूरक घटक दिला. एका गटाच्या वाट्याला ऑरिओमायसिन हे प्रतिजैविक बनविताना उरणारा आंबवणाचा चोथा आला.

३/
ऑरिओमायसिन याच प्रयोगशाळेचे अपत्य होते. बेंजामिन डग्गर यांनी ते मातीतील एका सूक्ष्मजीवापासून मिळविले होते. तेथील संशोधनाची धुरा भीमावरम येथे जन्मलेले येल्लाप्रगडा सुब्बाराव यांनी वाहिली होती. ऑगस्ट १९४८ मध्ये त्यांचे निधन झाले.

४/
वजने पाहून जुक्स चकित झाले. चोथा खाणारी पिले यकृताचा अर्क मिळालेल्या पिलांपेक्षाही भारी भरली. केवळ ब-१२ ने याचा उलगडा होईना. चोथ्यात उरलेले अल्पसे प्रतिजैविकच वाढीला चालना देत होते. जुक्स आणि रॉबर्ट स्टॉकस्टॅड यांचा हा निष्कर्ष १९५० मध्ये जाहीर झाला. पुढच्याच वर्षी अमेरिकेत पशुवैद्याच्या चिठ्ठीविना खाद्यात प्रतिजैविके मिसळण्यास परवानगी मिळाली.

५/
हा मार्ग इतक्या वेगाने का रुळला? कोंबडीपालनाच्या खर्चात सर्वांत मोठा वाटा खाद्याचा असतो. तेवढ्याच खाद्यात अधिक मांस मिळू लागले, शिवाय दाटीवाटीने पक्षी ठेवले तरी आजार आटोक्यात राहू लागले. परसातील कोंबडी हजारोंच्या शेडमध्ये गेली ती याच काळात.

६/
धोक्याची खूणही लगेच दिसली. १९५१ मध्येच स्टार आणि रेनल्ड्स या संशोधकांनी नोंदविले की, स्ट्रेप्टोमायसिन खाणाऱ्या टर्कींच्या आतड्यांत त्या औषधाला दाद न देणारे जीवाणू आढळतात. कारण सरळ होते. अल्प मात्रेने दुबळे जीवाणू मरतात आणि तग धरणारे मागे उरून वाढतात. पुढे जपानी संशोधकांनी दाखविले की, ही प्रतिकारशक्ती एका जातीचे जीवाणू दुसऱ्या जातीलाही देऊ शकतात.

७/
१९६९ मध्ये ब्रिटनच्या स्वान समितीने शिफारस केली, की माणसांच्या उपचारांत लागणारी प्रतिजैविके वाढीसाठी पशुखाद्यात वापरू नयेत. तत्त्व योग्य होते, परंतु त्यात एक पळवाट राहिली. माणसांसाठी न वापरले जाणारे, पण रचनेने मानवी औषधाचे जवळचे नातलग असलेले द्रव्य चालत असे. ॲव्होपार्सिन याच वाटेने युरोपच्या खाद्यात शिरले.

८/
१९७६ मध्ये अमेरिकेत स्टुअर्ट लेव्ही यांनी एका शेतावरील प्रयोग प्रसिद्ध केला. कोंबड्यांना टेट्रासायक्लिन गटातील औषध मिसळलेले खाद्य देताच आठवड्याभरात त्यांच्या आतड्यांतील जवळजवळ सर्व जीवाणू त्या औषधाला दाद देईनासे झाले. पाच-सहा महिन्यांनी शेतावर राहणाऱ्या माणसांच्या ३१.३ टक्के नमुन्यांत अशाच जीवाणूंचे प्राबल्य दिसले. शेजाऱ्यांमध्ये हे प्रमाण ६.८ टक्के होते.

९/
पुढच्या वर्षी अमेरिकेच्या औषध प्रशासनाने पशुखाद्यातील पेनिसिलिन व टेट्रासायक्लिन मागे घेण्याचा प्रस्ताव मांडला. काँग्रेसने अधिक अभ्यासाची मागणी केली आणि प्रस्ताव अनेक दशके रखडला.

१०/
प्रतिजैविके काढली, तर त्यांच्या जागी काय? याचे एक उत्तर फिनलंडमधून आले. १९७१ मध्ये तेथील ब्रॉयलर कोंबड्यांत साल्मोनेलाची मोठी साथ आली. एस्को नुर्मी यांनी मुळाशी जाऊन विचार केला. कोंबडीखाली जन्मलेल्या पिलाला आईकडून आतड्यातील उपकारक जीवाणू मिळतात. उबवणी यंत्रातले पिलू मात्र आईविना, रिकाम्या आतड्याने जन्मते. तेथे जो जीवाणू प्रथम पोहोचेल तो ठाण मांडतो.

११/
म्हणून नुर्मी व रांताला यांनी निरोगी प्रौढ कोंबड्यांच्या आतड्यातील जीवाणू नवजात पिलांना दिले. पिले साल्मोनेलापासून बचावली. १९७३ मध्ये ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झालेल्या या निबंधाने ‘प्रोबायोटिक’ पूरकांना भक्कम पाया दिला.

१२/
कालांतराने इतर पर्याय आले.
• एन्झाइम: गहू व बार्लीतील चिकट तंतू फोडतात. आतड्यातील लगदा पातळ होतो, अन्न पचते आणि रोगजंतूंसाठी कमी उरते.
• सेंद्रिय आम्ले: फॉर्मिक, प्रोपिऑनिक, ब्युटिरिक. साल्मोनेलासारख्या जंतूंना प्रतिकूल वातावरण निर्माण करतात.
• यीस्टच्या पेशीभित्तिकेतील शर्करा: काही जंतू आतड्याऐवजी तिलाच चिकटतात आणि विष्ठेवाटे बाहेर पडतात.
• वनस्पतिजन्य तेले: ओरेगॅनोतील कार्व्हाक्रॉल, तसेच आपल्या ओव्याला वास देणारे थायमॉल.

१३/
स्वीडनने १९८६ मध्ये वाढीसाठी प्रतिजैविके वापरण्यास बंदी घातली. ही मागणी स्वतः शेतकऱ्यांच्या संघटनेने केली होती, कारण ग्राहकांचा विश्वास त्यांना गमवायचा नव्हता. आतड्यांना सडविणारा क्लॉस्ट्रिडियमचा रोग उफाळेल ही भीती खरी होती. त्यावर खाद्याची घडण बदलणे, एन्झाइम देणे, शेडची निगा सुधारणे असे एकत्रित उपाय योजले गेले.

१४/
निर्णायक कसोटी डेन्मार्कमध्ये लागली. १९९४ मध्ये त्या देशात माणसांच्या उपचारांसाठी व्हँकोमायसिन लागले २४ किलो. त्याचेच नातलग असलेले ॲव्होपार्सिन जनावरांच्या खाद्यात गेले २४,००० किलो! व्हँकोमायसिन हे रुग्णालयांतील अखेरच्या आधारांपैकी एक. १९९५ मध्ये ॲव्होपार्सिनवर बंदी आली आणि १९९८ मध्ये ब्रॉयलर उत्पादकांनी वाढीसाठीची सर्वच प्रतिजैविके स्वेच्छेने थांबविली.

१५/
परिणाम? कोंबड्यांतील एंटरोकॉकस फेसियम या जीवाणूच्या नमुन्यांत व्हँकोमायसिनच्या गटाला दाद न देणाऱ्यांचे प्रमाण १९९५ मध्ये ७२.७ टक्के होते; २००० मध्ये ते ५.८ टक्क्यांवर आले. मरतूक वाढली नाही. एक किलो वजनासाठी लागणारे खाद्य सुमारे १६ ग्रॅमने वाढले, आणि औषधांवरील वाचलेल्या खर्चाने ते बहुतांशी भरून निघाले. १ जानेवारी २००६ पासून संपूर्ण युरोपीय संघात ही बंदी लागू झाली.

१६/
या यशाला मर्यादाही होती. रक्ती हगवणीला रोखणारी आयोनोफोर गटातील द्रव्ये युरोपातील कोंबड्यांच्या खाद्यात कायम राहिली. शिवाय कोणतेही एकच पूरक सर्वत्र सारखे गुण देत नाही. धान्य, हवामान आणि शेडची स्वच्छता यांनुसार फळ बदलते. अस्वच्छ शेडमध्ये ओव्याचे तेल फारसे काही साधत नाही.

१७/
नोव्हेंबर २०१५ मध्ये चीनमधील संशोधकांनी कोलिस्टिनला निष्प्रभ करणारे एक जनुक जाहीर केले. ते एका जीवाणूकडून दुसऱ्याकडे जाऊ शकत होते. अतिदक्षता विभागात इतर औषधे हरली की कोलिस्टिन देतात. तेच औषध कोंबड्या-डुकरांच्या खाद्यात सर्रास पडत होते. भारताने जुलै २०१९ मध्ये अन्नासाठी पाळलेल्या प्राण्यांत आणि त्यांच्या खाद्यपूरकांत कोलिस्टिनवर बंदी घातली.

१८/
१९५१ चा पहिला इशारा आणि २००६ ची युरोपीय बंदी यांत ५५ वर्षे गेली. पुरावा तोवर साचतच होता. पण स्वस्त मांसाचा लाभ तत्काळ दिसे, आणि हानी मात्र कुठल्याशा रुग्णालयात, कुणा अनोळखी रुग्णाच्या खाटेपाशी होई. डॅनिश शेतकऱ्यांनी किलोमागे १६ ग्रॅम खाद्य अधिक मोजले. त्या बदल्यात राखले गेले ते एक औषध.