फोन एक, नावं चार

२०१० साली सॅमसंगने पहिला गॅलॅक्सी एस अमेरिकेत आणला तो चार वेगवेगळ्या नावांनी. एटी अँड टीकडे कॅप्टिव्हेट, टी-मोबाइलकडे व्हायब्रंट, स्प्रिंटकडे एपिक ४जी आणि व्हेरायझनकडे फॅसिनेट. फॅसिनेटमध्ये तर कहरच, गुगलच्या अँड्रॉइडवर सर्चला बिंग! कारण व्हेरायझनचा करार मायक्रोसॉफ्टशी होता.

आपल्याला हे विचित्र वाटतं. आपल्याकडे फोन दुकानातून घ्यायचा आणि सिम वेगळं. (२००३ च्या मान्सून हंगाम्यातले रिलायन्सचे फोन सोडा.) अमेरिकेत मात्र हँडसेट कंपनीचं खरं गिऱ्हाईक तुम्ही-आम्ही नव्हतोच, ते होते ऑपरेटर. ते फोन घाऊक घेणार, दोन वर्षांच्या करारावर स्वस्तात देणार आणि बिलातून वसूल करणार. मग फोनमध्ये काय चालावं हेही तेच ठरवणार. २००४ च्या मोटोरोला व्ही७१० मध्ये ब्लूटूथ होतं, पण व्हेरायझनने त्यावरून फाइल पाठवायची सोयच काढून टाकली. लोक कोर्टात गेले, शेवटी तडजोड झाली. गंमत म्हणजे लँडलाइनपुरता हा प्रश्न १९६८ सालीच कार्टरफोनच्या निकालाने सुटला होता.

अॅपलने आधी मोटोरोलाबरोबर रॉकर काढून पाहिला, २००५ मध्ये. गाणी जास्तीत जास्त शंभर. फोन स्वतःच करायचा तर ऑपरेटरची ढवळाढवळ नको, हे त्यांनी सिंग्युलरकडून (म्हणजे पुढची एटी अँड टी) कबूल करून घेतलं. २९ जून २००७ ला आयफोन विक्रीला आला. त्यावर ना ऑपरेटरचं नाव, ना त्याचे भंगार अॅप्स. जॉब्जने ऑपरेटरांची मिजास उतरवली असं म्हणतात. मला ते अर्धंच खरं वाटतं. त्याची किंमत म्हणून एटी अँड टीला अमेरिकेतला मक्ता मिळाला, आणि तो फेब्रुवारी २०११ पर्यंत टिकला.

या मक्त्यामुळेच व्हेरायझनला पर्याय शोधावा लागला. २००८ चा ब्लॅकबेरी स्टॉर्म चालला नाही. मग नोव्हेंबर २००९ मध्ये मोटोरोलाचा ड्रॉइड आला, जाहिरातींचा नुसता पाऊस पाडून. अँड्रॉइडला अमेरिकेत खरा हात दिला तो या फोनने. मोटोरोलाचीही बुडती नाव तरंगली. पण 'ड्रॉइड' हे नाव वापरायचा परवाना ल्युकासफिल्मकडून घेतला होता व्हेरायझनने! पुढच्याच वर्षी त्यांनी ते एचटीसीच्या इन्क्रेडिबललाही लावलं. म्हणजे मोटोरोलाने फोन गाजवला आणि नाव झालं ऑपरेटरचं. स्पर्धकालाही तेच नाव मिळतंय म्हटल्यावर करायचं काय?

गुगलने जानेवारी २०१० मध्ये नेक्सस वन थेट वेबवरून विकून पाहिला, ५२९ डॉलरला. त्याच वर्षी जुलैमध्ये ते दुकान गुंडाळलं. ऑपरेटरच्या करारावरचे दोनशे डॉलर सोडून एकदम पाचशे कोण मोजणार?

सॅमसंगला मात्र २०१२ मध्ये जमलं. गॅलॅक्सी एस ३ सगळ्या मोठ्या ऑपरेटरांकडे एकाच नावाने विकला गेला. अर्थात, त्याच वर्षीच्या नोट २ च्या होम बटणावर व्हेरायझनने आपलं नाव छापून घेतलंच.