सशामागचे श्वान

ज्या साष्टीस लागून ट्रॉम्बे आहे, त्या साष्टीत एके काळी इंग्रज अंमलदार विलायतेहून आणविलेल्या कुत्र्यांच्या ताफ्यासह कोल्ह्यांचा पाठलाग करीत. ते कुत्रे वासावर चालणारे. सशामागे जाणारा त्यांचा लहान भाऊबंद म्हणजे बीगल. त्याच्या पिलास शिकविण्याची रीत अशी, की प्रथम सशाचे कातडे गवतातून ओढून त्या मागावर त्यास सोडावयाचे आणि पुढे जाणत्या कुत्र्याच्या सोबतीने रानात न्यावयाचे. ससा दिसो वा न दिसो, माग सोडू नये आणि माग लागताच भुंकून धन्यास वर्दी द्यावी, एवढेच त्याचे शिक्षण.

आमच्या दख्खनचा कारवान अथवा मुधोळ कुत्रा मात्र निराळ्या शाळेतला. कोरड्या माळावर वास लवकर विरतो, परंतु नजर दूरवर पोहोचते. म्हणून लांब तोंडाचा व खोल छातीचा हा कुत्रा नाकापेक्षा डोळ्यांवर भिस्त ठेवतो. त्यास धावणे शिकवावे लागत नाही. शिकवावे लागते ते थांबणे. ससा उठला तरी दोरी सुटेपर्यंत उभे राहावे, हा पहिला धडा. आणि हाडे भरण्यापूर्वी पिलास भरधाव पळवू नये, हा शिक्षकाने पाळावयाचा नियम.

मुधोळ संस्थानचे अधिपती मालोजीराव घोरपडे यांनी ह्या जातीची जोपासना केली. पंचम जॉर्ज बादशहांस त्यांनी एक जोडी नजर केल्याचेही सांगतात. राजाश्रयाने नाव झाले हे खरे. परंतु जातीचा कस राखला तो माळावर वावरणाऱ्या सामान्य लोकांनी. जो कुत्रा सशास गाठी, त्याचीच पिले ते ठेवीत.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर ही निवड करणारी शिकारच गुन्हा ठरली. सशास अभय मिळाले, हे योग्यच झाले. पण कुत्र्याचे काय? २००५ साली त्याचे चित्र टपालाच्या तिकिटावर आले. २०१६ साली मेरठच्या लष्करी केंद्रात मुधोळची पिले शिक्षणासाठी घेण्यात आली. लष्करी शोधकार्यात नाकच प्रधान. म्हणजे डोळ्यांवर वाढलेल्या जातीस आता बीगलची विद्या शिकणे आले.

ह्यात आम्हांस खेद वाटत नाही. कामावाचून केवळ डौलासाठी पाळलेल्या जातीत पुढे बारीक अंगकाठी तेवढी उरते, गुण उरत नाहीत. तिकिटावरील चित्रापेक्षा ह्या कुत्र्यास नव्या कामाचीच गरज अधिक आहे.